राखेनं घासलेला चंबू

आमच्या सरांना अख्खं कॉलेज ‘हवाबंद सर’ म्हणायचं. माणूस डब्यातल्या चटणीच्या झाकणालासुद्धा चिकटपट्टी लावून आणायचा! विषयच तसा होता त्यांचा. धातू आणि कार्बनची सोयरीक जुळवून केलेली संयुगं. त्यांतली काही नुसती हवा लागली तरी पेट घेतात. “हवा लागली का गेलं समज,” हे ते रोज बजावायचे. त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले त्या पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनच्या सुईच्या टोकाला राहिलेल्या थेंबानं माझ्यासमोर भक्कन पेट घेतला, तेव्हापासून मी हसले नाही.

मी आमगावहून गाडीनं गोंदियाला यायची, तोवर सर काचेचे चंबू घासत बसलेले असायचे. हो, स्वतः! मूळचे कामठ्याचे. घरी आई धानाच्या कोंड्याच्या राखेनं भांडी घासायची, म्हणून हेही राइस मिलमधून राख आणायचे. “सर, साबण काऊन नाही?” मी विचारलं. “साबणाचा चिकटा रायते व. राखेनं काच कशी चमकून राहिली, पाय!” आणि चंबू उजेडात धरून लहान मुलासारखे खूश व्हायचे.

याच चंबूंत त्यांची गाजलेली अभिक्रिया झाली. औषधवाल्यांना जिथे महागडा धातू लागायचा तिथे सरांनी साधं जस्त वापरलं, तेही कोमट पाण्याच्या उबेवर. लेख परदेशात छापून आला आणि जगभरचे लोक आपापल्या लेखांत त्याचा संदर्भ देऊ लागले. संदर्भांचा आकडा वाढला की प्राचार्य फाटकावर बॅनर लावायचे आणि पेढे वाटायचे. सर आपला पेढा डबीत घालून झाकण घट्ट लावायचे. किती साधा आनंद होता तो!

मग अनुदानातून नवे चंबू आले, ओरखडे पडू नयेत म्हणून ते साबणानं धुतले, आणि अभिक्रिया काही केल्या सुरू होईना. सरांनी जस्त बदललं, नायट्रोजनचं सिलिंडर बदललं. शेवटी एक जुना चंबू काढला. कोमट पाण्यात ठेवताच रंग पालटला. सरांनी तो चंबू उजेडात धरला. “राख हाये व हे,” ते पुटपुटले. काचेच्या ओरखड्यांत बसलेली राखच इतकी वर्षं काम करत होती, आणि लेखात तिचा उल्लेखच नव्हता.

“राख लिवली असती तं हासले असते लोक. म्हणून गाळलो मी,” ते म्हणाले. मी म्हटलं, आता तरी छापणाऱ्यांना दुरुस्ती पाठवा. पण याच लेखासाठी कॉलेजनं त्यांचा सत्कार ठरवला होता. “सत्कार होऊन जाऊ दे, मंग लिवतो.” जन्मभराचं नाव पणाला लागलं होतं त्यांचं, म्हणून मी नवे चंबू राखेनं घासायला घेतले.

पण त्यानंतर बॅनर दिसला की मी पेढा न घेताच प्रयोगशाळेत जायची. आकडा फुगत होता आणि ते संदर्भ उघडून वाचणारे आम्ही दोघंच. त्यांत लोकांनी लिहिलेलं असायचं, ‘जमलं नाही.’ ‘तापमान वाढवूनही जमलं नाही.’ सर त्या ‘तापमान’ शब्दावर बोट ठेवून थांबायचे. “बंद चंबूले आच देऊन राहिले हे लोक. कायले देऊन राहिले?” हे मला विचारायचे, जणू उत्तर माझ्याकडे होतं.

सत्काराच्या आठवड्यातच नवा संदर्भ आला. सरांच्या पद्धतीनं काम करताना, आच वाढवल्यावर, कुठल्याशा दूरच्या देशात चंबू फुटला होता. एका तरुण मुलीचे डोळे गेले.

सर सत्काराला गेले नाहीत. त्याच दिवशी दुरुस्ती लिहून पाठवली, राखेसकट. ती छापून आली, फाटकावरचा बॅनर गुपचूप उतरला, प्राचार्य नजर चुकवू लागले. सरांना त्याचं काही नव्हतं. “नाव गेलं तं जाऊ दे. त्या पोरीले दिसून राहिलं असन का व?” एवढंच विचारायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले तेव्हाही हाच प्रश्न तोंडात होता.

त्या दुरुस्तीचा संदर्भ आजवर एकानंही दिलेला नाही. जुन्या लेखाचा आकडा मात्र वाढतोच आहे! म्हणून सरांच्या खुर्चीत बसले की मी आधी तो पाहते, आणि संदर्भ देणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला लिहिते: चंबू कशानं धुतला ते सांगा, आच वाढवू नका. बहुतेकांची उत्तरं येतात.

परवा एक नवा संदर्भ आला. लेखाच्या शेवटी त्या संशोधकांनी लिहिलंय, पुढचा प्रयोग मोठ्या चंबूत, अधिक तापमानावर करणार. मी लगेच कळवलं, काल पुन्हा कळवलं. अजून उत्तर नाही.