आण्णांच्या फोनातलं 'व्हय, चालतंय'

आमची चंद्री म्हैस चार महिने मामाकडे कोडोलीला राहिली, ती माझ्यामुळे. हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

बटणांच्या मोबाइलचे दिवस. मी नुकताच मोबाइलचे प्रोग्राम लिहायला शिकलो होतो. वडील, म्हणजे आण्णा, मेसेजला उत्तरच देत नसत. (स्क्रीनवर काही उगवलं की लाल बटण!) 'आण्णा लई मोठं झालं,' अशी आमच्या गावात, बावड्यात, कुरकुर सुरू झाली. म्हणून मी त्यांच्या फोनात गुपचूप एक प्रोग्राम घातला. त्याला ना चित्र, ना स्क्रीन. फोन चालू झाला की तोही मागच्या मागं चालू! मेसेज आला की उत्तर जायचं, 'व्हय, चालतंय.'

आठवडाभर आण्णांचं कौतुक झालं. मग तालमीची पोरं उगवली.

"आण्णा, उद्या पन्नास जणांचं जेवाण तुमच्यात हाय न्हवं?"

"कोण म्हणलं?"

"तुम्हीच की!"

आईनं रस्सा केला. रश्शापेक्षा तीच जास्त उकळत होती!

चौथ्या दिवशी मामा टेम्पो घेऊन दारात.

"दाजी, चंद्रीला न्यायला आलोय. पोरगी बाळंतीण हाय, चार महिनं दुधाची सोय."

"मी कवा हो म्हणलो?"

मामानं फोन दाखवला. 'व्हय, चालतंय.'

आण्णांचा चेहरा उतरला. "शब्द दिलाय न्हवं? मग न्या." आणि आईला हळूच म्हणाले, "मला कायबी आठवंना गं. डोकं चाललं वाटतं माझं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय केलं? टेम्पोचा फाळका उघडून दिला!

प्रोग्राम काढायला बसलो, तर मलाच सापडेना. (लपवला होता मीच!) शेवटी आण्णांना नवा फोन घेऊन दिला. चंद्री परतली, पण आण्णांचा स्वतःवरचा भरवसा परतला नाही. रोज सकाळी भिजवलेले बदाम, आणि कुणी काही विचारलं की, "उद्या सांगतो."

परवा बदामाची वाटी समोर असताना सगळं सांगून टाकलं. आण्णांनी हातातला बदाम परत वाटीत ठेवला.

"म्हंजे माझं डोकं शाबूत हाय?"

"व्हय, आण्णा."

"आन् पंधरा वर्सं बदाम उगंच चावलं?" असं म्हणून ते इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग ट्रंकेतून जुना फोन काढला, चार्ज केला, सिम घातलं. "काढ त्यो आता. माझ्यादेखत."

दोन तास झटलो. सापडला नाही. शेवटी माझ्या फोनवरून मेसेज टाकला, 'आण्णा, माफ करा.'

जुना फोन थरथरला. उत्तर आलं, 'व्हय, चालतंय.'

आयुष्यात मी शेकडो प्रोग्राम लिहिले. न बिघडलेला हा एकच!