कमीच दाखवलं

"बसवत न्हाई हो," म्हणत गुरुजी छापखान्यात शिरायचे आणि पुढं केलेल्या खुर्चीची पाठ धरून उभेच राहायचे. बोलता बोलता ती मागेपुढे हलवायचे. खुर्ची त्यांनीच खिळखिळी केली, असं आमचे संपादक म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, चहा गाळून होईस्तोवर दारापर्यंत चकरा मारणारा.

ही सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. हिंगोलीच्या एका साप्ताहिकात मी प्रुफं तपासायचो. गुरुजी जवळच्या खेड्यात शाळामास्तर होते आणि आमच्याकडे सिनेमावर लिहायचे. कौतुकही भांडल्यासारखं करायचे.

एकदा टॉकीजला एक स्वस्तातला, काळापांढरा गुन्हेपट लागला. नट अनोळखी, गाणं एकही नाही, निम्मा सिनेमा अंधारात. खुनाच्या संशयावरून एका ट्रक क्लिनरला धरतात, कोठडीत मारतात, खरा खुनी मोकळाच राहतो. पब्लिकनं "लाइट लावा रे!" म्हणून शिट्ट्या मारल्या. मुंबईच्या पेपरानं तर दोन ओळींत निकाल लावला. दिग्दर्शकाकडे पैसे नव्हते म्हणून अंधार, आणि कोठडीतला प्रसंग अतिरंजित.

गुरुजी तो पेपर मुठीत चुरगाळूनच आले. "अतिरंजित? काहून अतिरंजित? यांनी कधी पाह्यलंय का?"

"गुरुजी, सिनेमाच आहे तो," संपादक म्हणाले.

"माझ्या भावाला इचारा."

तेव्हा आम्हाला कळलं. त्यांच्या धाकट्या भावाला चोरीच्या संशयावरून दूरच्या एका ठाण्यात डांबलं होतं. चोर दुसराच निघाला. भाऊ घरी आला, शेतात राबू लागला. पण तिथं काय झालं ते त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला गुरुजी भावाला घेऊन गेले. मीही गेलो. कोठडीचा प्रसंग सुरू होताच गुरुजींनी त्याचा दंड धरला. "चल, बाहीर जाऊ." भावानं हात सोडवून घेतला. शेवटपर्यंत त्यानं पडद्यावरची नजर हलवली नाही.

बाहेर उन्हात आल्यावर तो टॉकीजच्या पायरीवर बसला.

"दादा, कमीच दाखवलं," म्हणाला. "त्याला पाणी तरी देऊन राहिले व्हते."

गुरुजी त्याच्याजवळ खाली बसले. तो बोलत राहिला. पुढच्या खेळाचे लोक आम्हाला वळसा घालून आत जात होते.

गुरुजींनी त्या सिनेमावर लिहून आणलेला लेख वाचून संपादकांनी घाम पुसला. "भावाचं वाक्य काढा, गुरुजी. सरकारी नोकरी आहे तुमची."

"त्यालाच इचारलं. छापा म्हनला. ते काढायचं तर सगळंच काढा."

लेख छापून आला तोवर सिनेमा उतरला होता. थोड्याच दिवसांत गुरुजींची बदली झाली, लांब कुठंतरी. कारण कुणी सांगितलं नाही. निरोप घेताना म्हणाले, "परीक्षण जमलं न्हाई तितकं. घाई झाली."

ते गेल्यावर आखाडा बाळापूरचा एक म्हातारा छापखान्यात येऊन बसला. "सिनेमावर लिवणारे गुरुजी कुठं हायत?"

"बदलून गेले. सिनेमाबद्दल काही होतं का?"

"सिनेमा म्या पाह्यला न्हाई. माझ्या पोराचं सांगायचं व्हतं."

"मला सांगा," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कुनी हाय का तसं, ठान्यात नेलेलं?"

मी नाही म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणत तो उठला आणि बाळापूरच्या गाडीकडे चालू लागला.