वरचं चर्च, खालचं चर्च आणि मधला बाक

माझ्या घरमालकीणबाई कंटाळल्या, म्हणून हा प्रवास घडला. बॉनमध्ये त्यांच्याकडे खोली घेऊन राहायला लागल्यापासून मी त्यांना भंडावून सोडलं होतं. त्यांचं माहेर डोंगरातल्या एका लहानशा गावातलं. त्या गावात दोन प्रोटेस्टंट चर्चं आहेत, एक वर, एक खाली, असं त्या एकदा बोलून गेल्या आणि फसल्या. दोन कशाला? एकानं भागत नव्हतं? खालचं कुणी बांधलं? शेवटी कॉफीचा कप आपटून त्या म्हणाल्या, "फ्रॉइलाईन (कुमारी) सोनवणे, माझ्या बहिणीकडे जा. तिचा नवरा खालच्या चर्चचा कुस्टर (देखभाल करणारा) आहे. आता त्याचं डोकं खा!"

मला तेच हवं होतं. आमची कोल्हापूरकडची मंडळी प्रेस्बिटेरियन. आमच्यात बिशप नाही. निवडून दिलेले वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, बसून कारभार पाहतात, आणि आमचे आप्पा त्यांतलेच एक. इथल्या रिफॉर्म्ड पंथाच्या, म्हणजे त्या खालच्या चर्चच्या, लोकांची रीत तीच, म्हणजे हे आमचे लांबचे चुलतच. नात्यातल्या माणसांच्या घरात नाक खुपसायला कुणाला आवडत नाही?

शनिवारी सकाळी निघाले. ऱ्हाईन ओलांडून मोठी गाडी सोडली आणि तांबड्या रंगाच्या एकाच डब्याच्या गाडीत बसले. चढ लागला की ती इतकी कण्हायची की उतरून मागून ढकलावं की काय असं वाटे. दोन्ही बाजूंना ओली हिरवी कुरणं आणि काळ्या पाटीच्या दगडानं मढवलेली घरं. समोरच्या आजोबांनी माझ्या ओव्हरकोटाखालून डोकावणारी नऊवारी बराच वेळ न्याहाळली आणि काळजीनं विचारलं, "पाय गारठत नाहीत का?" मी नऊवारीचा काठ जरा उचलून आतले लोकरी मोजे दाखवले. आजोबांचा जीव भांड्यात पडला.

स्टेशनवर बहिणीचे यजमान हेर (श्रीयुत) लोहमान उभे होते. उंच, वाकलेले, पन्नाशीचे, बोलायला अगदी कंजूष. त्यांची बायको मार्था मात्र दारातच माझे दोन्ही हात धरून बोलायला लागली. घर खालच्या चर्चच्या भिंतीला चिकटूनच होतं. टेबलावर तीन पायांचं, तोटीचं कथलाचं भांडं होतं. तोटीतून कॉफी थेंब थेंब गळते, म्हणून त्याला ड्रोपेलमिना (ठिबकणारी मिना) म्हणतात. मार्थाबाईंनी मनुकांच्या पावावर लोणी लावलं आणि त्यावर चक्क दुधात शिजवलेला भात पसरला, वर साखर आणि दालचिनी. अगं बाई, पावावर खीर! तोंड वाकडं करणार होते, पण खाल्ली आणि तीन वेळा मागून घेतली.

दुपारी हेर लोहमान मला घेऊन निघाले. चर्च म्हटल्यावर या माणसाला वाचा फुटली. वरचं चर्च फार जुनं. गाव लुथरन झालं तेव्हा तेही लुथरन झालं. रिफॉर्म्ड लोक मूठभर. आधी त्यांना वेशीबाहेरच्या एका गोठ्यात प्रार्थना करावी लागे. पुढे बांधायची परवानगी मिळाली, पण मनोरा नको आणि घंटाही नको, या अटीवर.

"मग लोकांना वेळ कळायची कशी?"

"कुस्टर काठी घेऊन घरोघरी फिरायचा. खिडक्यांच्या झडपा बडवायचा."

मनोरा आला तो लोहमानांच्या पणजोबांच्या काळात. एका राजानं दोन्ही चर्चं कागदोपत्री एक केली होती, पण कागदाला इथे विचारतो कोण! वरचे वर गेले, खालचे खाली. सोयरीक सहसा होत नसे.

मग युद्धात वरच्या चर्चवर बाँब पडला. नुसत्या भिंती राहिल्या. खालच्या वडिलांनी एका बैठकीत ठरवलं की लुथरन लोकांनी रविवारी नऊ वाजता आपल्याकडे यावं. मात्र खालच्यांना चर्चमध्ये मूर्ती नको, मेणबत्ती नको, वेदीही नको. भिंती चुन्याच्या, मधे एक साधं टेबल. म्हणून नऊच्या आधी कुस्टरनं लुथरनांचा क्रूस आणि मेणबत्त्या मांडायच्या, आणि त्यांचं झालं की साडेदहाच्या आत सगळं उचलायचं. त्यांनी उत्तरेच्या दारानं जायचं, यांनी दक्षिणेच्या दारानं यायचं. तो क्रूस मी पाहिला. करड्या कांबळ्यात गुंडाळून बटाट्याच्या खोक्यात ठेवला होता. लोहमाननी कांबळ्याची घडी हलक्या हातानं सारखी केली.

"उद्या शेवटचं," ते म्हणाले. "वर नवं छप्पर झालंय. पुढच्या रविवारपासून ते आपल्या घरी."

"बरं झालं की, तुमचं काम वाचलं."

त्यांनी खोकं भिंतीशी सरकवलं. संध्याकाळी मार्थाबाई शेजारी गेल्या होत्या आणि आम्ही दोघं बशा पुसत होतो, तेव्हा कुठे बोलले. मार्था लुथरन. लग्न नगरपालिकेत लागलं, कारण दोन्ही पाळक नको म्हणाले. तिनं मरणाऱ्या आईला शब्द दिला होता की वरचं चर्च सोडणार नाही. यांच्या घराण्यात बापापासून कुस्टरकी. सत्तावीस वर्षांच्या संसारात दोघं एका बाकावर कधी बसली नव्हती.

"नऊच्या प्रार्थनेला मी मागे दाराशी उभा राहतो. तिथून तिची मान दिसते, बांधलेले केस दिसतात. इतकी वर्षं तेवढं तरी होतं. आता तेही वर जाईल."

"अहो, मग तुम्हीच वर जा ना एखाद्या रविवारी!"

"कुस्टर फुटला म्हणतील."

मला मनस्वी राग आला. कुणाचा ते सांगता येईना.

रविवारी मी मार्थाबाईंबरोबर नऊच्या प्रार्थनेला गेले. मधल्या बाकावर बसलो. बाकांना दोन्ही टोकांना गुडघाभर उंचीची दारं असतात, ती लावून घ्यायची. शेवटचा आशीर्वाद झाला, आणि मी घरच्या सवयीनं पुन्हा खाली बसले, पदर पुढे ओढला आणि डोळे मिटले. आप्पांची शिस्तच तशी आहे. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना केल्याशिवाय बाक सोडायचा नाही. आणि आमचं घर म्हणजे चार काका, तीन मावश्या, आत्या, त्यांची मुलं, सुना, नुकतंच झालेलं बाळ, ज्याचं नाव मला अजून कळलं नव्हतं. परदेशात आल्यापासून तर मी एकालाही गाळत नाही.

डोळे उघडले तो कपाळ माझं! क्रूस नाही, मेणबत्त्या नाहीत. बाक दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला, टोकाची दारं लागलेली, आणि मार्थाबाई माझ्या शेजारी ताठ बसलेल्या, लालबुंद. प्रार्थना करणाऱ्या माणसाला उठवायचं कसं, म्हणून बिचाऱ्या थांबल्या होत्या. तेवढ्यात साडेदहाची माणसं येऊन बसली.

"चला, जाऊ या," मी पुटपुटले.

"आता? सगळ्यांचे गुडघे तुडवत?"

मी मागे वळून पाहिलं. हेर लोहमान दाराशी उभे होते. खोकं आत ठेवून आले असावेत. बायकोच्या मानेकडे असे बघत होते की मलाच अवघडल्यासारखं झालं. बाकाच्या टोकाला एक म्हातारे वडील बसले होते. त्यांनी एकदा मार्थाबाईंकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग बाकाचं दार उघडलं आणि सगळ्या रांगेला सरकायची खूण केली. सगळे निमूट सरकले. मीही उठून पलीकडे गेले. लोहमान आले आणि बायकोशेजारी बसले.

स्तोत्र सुरू झालं. त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं, पण ती पुस्तकाकडे बघतच नव्हती. सगळी कडवी तोंडपाठ गात होती.

ते थक्क झाले. "तुला कसं येतं?"

"माझं स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच आहे, हाइनरिश. सत्तावीस वर्षं मी याच वेळी बटाटे सोलते."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि तिच्या आवाजामागून गायला लागले, जरा बेसूरच. मी रडले, आणि पदरात नाक पुसताना मला मुळीच लाज वाटली नाही.

दुपारच्या गाडीनं परतले. स्टेशनवर दोघंही पोहोचवायला आली. मार्थाबाईंनी पावाचं पुडकं दिलं. धाडस होत नव्हतं, तरी विचारलंच, "पुढच्या रविवारी?"

"नऊला मी वर," त्या म्हणाल्या. "आईला शब्द दिलाय." लोहमान रुळांकडे बघत राहिले.

येताना गाडीत मी वही उघडली. गोठा, काठी, मनोरा, राजाचा कागद, सगळं नीट उतरवून घेतलं. आप्पांना हा इतिहास फार आवडेल. पण लिहिताना मन सारखं त्या बाकाकडे जात होतं. एवढी भांडणं झाली, भिंती उठल्या, आणि त्यांची किंमत मात्र दोन माणसं आपल्या घरात मुकाट्यानं चुकवत राहिली. हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं असणार?

दहा-बारा दिवसांनी मार्थाबाईंचं पत्र आलं. घरमालकीणबाईंनी चष्मा लावून मला वाचून दाखवलं. वरच्या चर्चला फार गर्दी होती, छप्पर सुरेख झालंय, छायाचित्र पाठवते, वगैरे वगैरे. आणि शेवटी चार ओळी:

"हाइनरिश नऊला माझ्याबरोबर चढण चढून आला. मेणबत्त्यांकडे एकदाही पाहिलं नाही, सगळा वेळ मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. पण बसला. साडेदहाला मी त्याच्याबरोबर खाली गेले. बटाटे राहिले, जेवायला दोन वाजले."