सशांसाठी नेलेली कोथिंबीर

"एचआयव्हीच्या लशीची चाचणी चालते ती लॅब बघायला कोण येणार?" आमच्या औषधांच्या सेंटरवर विचारलं, तर सगळ्यांआधी माझा हात वर! हो, मी पॉझिटिव्ह आहे. नवरा गेला तेव्हा कळलं, त्याला बारा वर्षं झाली. गोळ्यांच्या कृपेने ठणठणीत आहे. पण सेंटरबाहेर कोणाला माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही.

कोपरच्या घरून निघताना कोथिंबिरीची जुडी घेतली. आपल्यासाठी सुया टोचून घेणाऱ्या सशांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? दुपारची टिटवाळा लोकल घ्या, बसायला मिळतं. आंबिवलीला स्टेशनबाहेरच वडापाव खाऊन घ्या, रिक्षाने पुढे गेलात की चहासुद्धा नाही.

लॅबमधल्या मॅडमनी छान समजावलं. विषाणूच्या आवरणाचा नुसता तुकडा बारीक कणांवर बसवून सशांना टोचतात. त्यांना आजार होत नाही. मग रक्त काढून बघतात, लढायची ताकद आली का.

"लागण झालेल्यांना उपयोग?"

"नाही हो. ज्यांना झाली नाही त्यांच्यासाठी आहे. तीही कधी येईल, सांगता येत नाही."

चाचणीनंतर सशांचं काय होतं तेही विचारलं. "मारावं लागतं," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात सशांना सांभाळणारे काका आले. बघते तर काय, माझ्या माहेरच्या, बाळकुमच्या आळीतले दशरथमामा! आम्ही कुठल्या सेंटरहून आलोय, हे त्यांना माहीत असणारच. आता हे आईपर्यंत जाणार.

मामांनी आधी जुडीकडे बघितलं. "बायेरचा काय चालत नाय गो. त्यांना आपल्यापासून काय लागाला नको." मग हळूच म्हणाले, "मी नाय सांगनार कोनाला."

काचेतून बघितलं. मामांनी ससा उचलायच्या आधी वाकून त्याच्याशी काहीतरी बोलून घेतलं. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "सुई हाय, असा सांगतो. त्याला काय समजतंय? पन न सांगता कसा टोचायचा?"

मी मनातल्या मनात सशांना हात जोडले आणि घरी न जाता ठाण्याला उतरून थेट बाळकुम गाठलं. पूर्वी आमची मिठागरं होती तिकडे, आता टॉवर आहेत. जुडी आईपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"बारा वरसा? एकलीच?" आई एवढंच बोलली. रडत रडत कोथिंबीर निवडली, वड्या केल्या आणि समोर बसून मला खाऊ घातल्या.

दुसऱ्या दिवशी कोपरला, सकाळी आठला आईचा फोन आला.

"गोली घेतली का गो?"

बारा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.