जुळणीवरच्या आक्का

"मजकूर तुमचा, जुळणी माझी," असं म्हणत आक्का कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि तुमचा कागद छापखान्यातल्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांवर टेकवून उभ्या राहायच्या. त्या कागदात आमची क्रांती आहे की कुणाच्या बारशाचं आमंत्रण, हे त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कधी कळलं नसतं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी इस्लामपुरात पत्रकं लिहीत होतो आणि पत्रकांनी जग हलतं अशी माझी खात्री होती. ऊसतोडीच्या मजुरीवर आम्ही एक पत्रक काढलं, तर बागायतदारांनी उलट पत्रक काढून आम्हाला गुंड ठरवलं. तेही याच छापखान्यात, आक्कांनीच जुळवलेलं. मी तणतणत गेलो.

"आक्का, हे जुळवायला तुमचा हात उचलला तरी कसा?"

"तुझं जुळवताना उचलला तसाच." त्यांनी मान वर केली नाही. "लिवणाऱ्याच्या वाक्यात आपुन हात घालायचा न्हाई. आण्णांनी तसंच शिकवलंय."

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. सांगलीच्या एका छापखान्यात ते आयुष्यभर खिळे जुळवत होते. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी पोरीलाच स्टुलावर उभं करून काम शिकवलं. अठराव्या वर्षी लग्न झालं आणि ते काम सुटलं. मग वाळव्याकडच्या एका गावात वीस वर्षं शेण, चूल आणि रानातलं तण काढायची भांगलण. नवरा पलटणीत होता. तो वारला तेव्हा दिरानं घरात ठेवून घेतलं, पण मुलीच्या शिक्षणाचं नाव काढू दिलं नाही. आक्कांनी मुलीला सांगलीला मास्तरणीच्या कॉलेजात घातलं, इस्लामपुरात एक खोली घेतली आणि चाळिशीत छापखान्याची पायरी चढल्या.

"दोनच वरसं रं," त्या म्हणायच्या. "तेवढी माझी बोटं चालली की पोरगी मास्तरीण झाली."

मालकानं महिनाभर बघतो म्हणून ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सांगलीच्या त्या जुन्या छापखान्यात खणांची मांडणी वेगळी होती. आक्कांची बोटं वीस वर्षांपूर्वीच्याच खणांत जात राहिली. लग्नपत्रिकेचा कच्चा छाप निघाला तो कुणालाच वाचता येईना. मालक हसून म्हणाला, "बाई, ही कानडी का काय?"

त्या रात्रीपासून त्यांनी खोलीतल्या फरशीवर खडूनं नवे खण आखले. प्रत्येक खणात ज्वारीचे चार दाणे ठेवायच्या आणि डोळे मिटून नेमक्या खणातला दाणा उचलायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं, स्वतःवर हसत. "शेजारीण म्हनली, देवरशीपणा करतीया काय?" महिना संपला तेव्हा बोटं नव्या घरात नांदायला लागली होती. मालकाला नाव ठेवायला जागा उरली नाही.

पण काम कमी असलं की मालक मागच्या घरातून सुपात तांदूळ पाठवायचा. जुळणीवरच्या पुरुषांना तो कधी असं काम सांगत नसे. आक्का दाराशी बसून खडे निवडायच्या. माझा संताप व्हायचा.

"खिळं काय नि खडं काय, निवडायचंच काम हाय," त्या म्हणायच्या. "तू कशाला तापतूस?"

मी तापलेलाच राहिलो. पुढच्या पत्रकात स्त्रियांच्या कामावर लिहिलं आणि शेवटी एक परिच्छेद घातला: याच गावात एका छापखान्यात जुळणी करणाऱ्या बाईकडून मालक घरचे तांदूळ निवडून घेतो. आणि ते पत्रक मी त्याच छापखान्यात दिलं. मालक मजकूर वाचत नसे, शाई सारखी उठली की त्याचं समाधान. त्याची लाज त्याच्याच यंत्रावर छापायची, यात मला मोठी मर्दुमकी वाटत होती.

आक्का जुळवत जुळवत त्या परिच्छेदापाशी आल्या आणि थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ह्ये असंच ठिवायचं?"

"एक अक्षर बदलायचं नाही!" मी म्हणालो.

त्यांनी बदललं नाही. चार ओळी गाळल्या असत्या तर मला ते छापून झाल्यावरच कळलं असतं. त्यांनी ओळीमागून ओळ जुळवली, काना-मात्रा तपासली आणि सगळी जुळणी घट्ट बांधून यंत्रावर दिली.

आठवडी बाजारात पत्रक वाटलं गेलं. संध्याकाळपर्यंत मालकाच्या बायकोला पाणवठ्यावर चार जणींनी विचारलं. दुसऱ्या दिवशी आक्कांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. मी भांडायला गेलो, घोषणा दिल्या. त्यानं दार आणखी घट्ट झालं. गावातल्या दुसऱ्या छापखानदारानं तर हातच जोडले. "नको बाई, आमच्याही घरात तांदूळ असतात." खोली सुटली, आक्का दिराच्या घरी परतल्या. कॉलेजचं पहिलं वर्षही पुरं व्हायच्या आत दिरानं मुलीला सांगलीहून आणलं आणि शिराळ्याकडं देऊन टाकली.

माझी त्यांच्या गावाला जायची हिंमत व्हायला आठ महिने लागले. आक्का दिराच्या मळ्यात उसाचं पाचट काढत होत्या. पानांच्या धारेनं बोटं चिरलेली. मला बघून बांधावर आल्या, तांब्यातलं पाणी पुढं केलं.

"माफी मागायला आलोय, आक्का."

"कशाची? खोटं थोडंच लिवलं हुतंस."

"मग?"

तळहातातलं कुसळ त्यांनी दातानं काढलं, थुंकून टाकलं.

"मला इचारलं न्हवतंस, एवढंच."

मी काही बोलायच्या आत पलीकडून दिरानं हाक मारली, "आवं वैनी, सरी ऱ्हायलीया!" आक्कांनी पदर डोक्यावरून कानांमागं खोचला आणि डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरल्या. पानं हलत होती तोवर त्या कुठं आहेत ते कळत होतं. मग वारा सुटला आणि सगळाच ऊस हलायला लागला.