काटेवाला आणि खिळेराजा

दिनांक ९ जानेवारी २००६ रोजी काटेवाल्याने बाजार संघाच्या कचेरीत दोनशे पंचाहत्तर रुपये टेबलावर ठेवले आणि पावती मिळेपर्यंत तो जागचा हलला नाही. पैसे खिळेराजाच्या तसबिरीसाठी होते. एवढी वर्गणी बाजारात दुसऱ्या कोणी दिली नव्हती. ही बातमी त्याच्या बायकोला कळल्यावर घरात जे झाले ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

खिळेराजाला जाऊन चारशे वर्षे झाली होती. त्याने किती लढाया जिंकल्या हे बाजारात कोणाला ठाऊक नव्हते. एकच गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. मापात मारणारा दुकानदार सापडला की राजा त्याचा कान त्याच्याच दाराच्या चौकटीला खिळ्याने ठोकायचा आणि दिवस मावळेपर्यंत त्याला तसाच उभा ठेवायचा. आज कोणाला परत आणायचे असेल तर यालाच, असे काटेवाल्याचे ठाम मत होते. कोणी विचारो न विचारो, तो ते सांगत असे.

त्याचा राग फुकटचा नव्हता. बाजाराच्या फाटकाशी बसून तो तीस वर्षे तराजू दुरुस्त करत होता. पुढ्यात कानस, चिमटा, हातोडी, शिशाची डबी आणि फडक्यात गुंडाळलेली स्वतःची पारखलेली वजने. लोक काटा घेऊन यायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, “जरा आमच्या सोयीचा करून द्या ना.” कोणी बुडातून कोरून पोकळ केलेले वजन आणायचा. काटेवाला ते वजन भिरकावून द्यायचा आणि त्यामागून चार शिव्याही. एकदा असे वजन धान्यवाल्याच्या नडगीवर बसले. धान्यवाला महिनाभर लंगडला, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार? वजन त्याचेच होते.

“सगळे चोर!” काटेवाला चहाचा कप आपटत म्हणायचा. “खिळेराजा पाहिजे. एका आठवड्यात सुतासारखे सरळ होतील.”

“मला तर ती राणी पाहिजे,” चहावाला म्हणायचा, “जिनं सगळ्यांची उधारी माफ केली होती.”

“अरे गाढवा, मग तुझीच बुडेल की!”

“आधी मी दूधवाल्याची बुडवीन. मग माझी बुडेना का!”

सगळे हसायचे. काटेवाला मात्र हसायचा नाही.

त्याच्या मतापुढे न झुकणारे एकच माणूस बाजारात होते आणि ती त्याची थोरली बहीण. तिला सगळा बाजार ताईच म्हणे. तिसऱ्या ओळीत तिचा कांदे-बटाट्यांचा गाळा होता. नवरा गेला त्याच्या तेराव्या महिन्यात तिने त्या गाळ्यात पाय ठेवला आणि मग मागे वळून पाहिले नाही. थोरल्या मुलीचे लग्न त्याच गाळ्याच्या कमाईवर झाले. धाकटी नर्सिंगला होती आणि तिची दोन वर्षे अजून बाकी होती.

“तुझा खिळेराजा आला ना,” ताई म्हणायची, “तर पहिला खिळा गरिबाच्याच कानात जाणार. मोठ्यांचे कान त्याच्या हाताला येत नाहीत.”

“ताई, तुला राजकारण कळत नाही.”

“मला कांदे कळतात. वरून गोल दिसणारा आतून सडका निघतो.”

फेब्रुवारीत संघाची सभा भरली. पाच जणांची समिती वर्षभर नुसती भांडत होती. नळ गळत होते, कचरा पडून होता आणि मापातली चोरी उघड चालली होती. तेव्हा ठराव आला, की समिती बरखास्त करावी आणि तीन वर्षांसाठी सगळे अधिकार एकाच माणसाला द्यावेत. माणूस ठरलेलाच होता, जेलर. तुरुंगातली नोकरी संपवून त्याने बाजारात दोरखंडाचे दुकान टाकले होते. उंच, कडक, मिशांना पीळ. कोणाचा एक पैसा खाणार नाही अशी त्याची ख्याती होती आणि ती खरी होती.

ठराव काटेवाल्याने मांडला. बाकावर उभे राहून, शिरा ताणून तो बोलला. “तक्रार, सुनावणी, अपील, यांनीच वाटोळं केलंय! राजाच्या दरबारात अपील नसतं. एक माणूस, एक शब्द, विषय संपला!” टाळ्यांनी पत्रा थरारला. सगळे हात वर गेले. ताईचा हात मांडीवरच होता.

“हात दुखतोय का, ताई?” शेजारून कोणीतरी विचारले.

“हात बरा आहे. डोकंही बरं आहे,” ती म्हणाली.

पहिले तीन आठवडे काटेवाल्यासाठी सणासारखे गेले. जेलरने दोन खरे लबाड पकडले, त्यांचे गाळे सील केले आणि चाव्या खिशात टाकल्या. काटेवाला घरी जाऊन बायकोला म्हणाला, “बघ, फिटले की नाही पैसे?”

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिसऱ्या ओळीत आरडाओरडा झाला. काटेवाला हातातली कानस तशीच घेऊन धावला. ताईचा काटा जेलरच्या हातात उलटा लोंबत होता. डाव्या पारड्याच्या तळाला सुतळीने बांधलेले लोखंडी कडे सगळ्यांना दाखवत जेलर गरजत होता, “हे बघा! तळाला वजन लपवलंय! विधवा म्हणून दया करायची आणि तिनं असं लुटायचं!”

काटेवाल्याला आधी हसूच आले, कारण ते कडे त्यानेच बांधलेले होते. ताईचे डावे पारडे पडून त्याची कड तुटली आणि ते हलके झाले. नवे पारडे महाग, म्हणून त्याने हलक्या बाजूला पासंग बांधून दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या होत्या. जुन्या काट्याला पासंग असतोच. तो नसेल तर काटा खोटा.

“साहेब, तो पासंग आहे,” तो म्हणाला. “काटा रिकामा उचलून बघा. दांडी सरळ राहील.”

“रिकाम्या काट्यानं काय कळतं? रिकामा काटा कोण विकतो?”

“अहो, रिकाम्यावरच तर कळतं! मी बांधलाय तो!”

“असं,” जेलर म्हणाला. “म्हणजे भाऊच सामील.”

त्याने गाळा ओढून बंद केला आणि कुलूप घातले. आतले कांदे आतच राहिले. ताई बाहेर उभी होती. तिने वळून भावाकडे बघितले. त्या बघण्याने काटेवाल्याच्या अंगाची आग झाली.

तो ओळीओळीने फिरला. “सांगा त्याला! तुमच्याही काट्यांना पासंग आहे, मीच बांधलाय!” पण अर्ध्या तासात बाजाराने काय करायचे ते केले होते. धान्यवाल्याने मान हलवली. “कुठला पासंग? माझ्या काट्याला काही नाही बाबा.” काटेवाल्याने त्याचे पारडे उलटे केले. खाली सुतळीचा ताजा व्रण तेवढा उरला होता. पुढच्या गाळ्यावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. सगळ्यांनी आपापले पासंग तोडून खिशात घातले होते. पासंगामुळे सरळ असलेला काटा त्यांनी आपल्याच हाताने वाकडा केला होता. त्या दिवशी बाजारातले सगळे जुने काटे खोटे झाले आणि दुपारी जेलरने नुसते पारड्यांचे तळ तपासले तेव्हा सगळे पास झाले.

“भेकडांनो!” तो ओरडला. “मापात मारा, मारा! आता कायद्यानं मारा!”

कोणी वर पाहिले नाही. गिऱ्हाइके कमी भाजी घेऊन घरी जात होती.

संध्याकाळी तो कचेरीत शिरला. “सभा बोलवा. माझ्या बहिणीची बाजू ऐकायला हवी.”

जेलर शांतपणे म्हणाला, “सभा ज्यानं बंद केली तो तूच. अपील नसतं म्हणून बाकावर चढून कोण ओरडत होतं?”

“मी चोरांसाठी म्हणालो होतो!”

“मग? मी चोरालाच पकडलंय.”

“ती चोर आहे हे ठरवलं कोणी?”

“मी,” जेलर म्हणाला. त्यात ना राग होता ना लबाडी, आणि काटेवाल्याला तेच सहन झाले नाही. लाचखाऊ माणूस असता तर पैसे देऊन सुटका झाली असती. याला काय द्यायचे? हा स्वतःला न्यायी समजत होता, आणि त्याला तसे समजायला काटेवाल्यानेच शिकवले होते. त्याने टेबलावर इतक्या जोराने मूठ मारली की शाईची बाटली कलंडली. दोन हमालांनी त्याला बखोटीला धरून पायऱ्या उतरवल्या.

महिन्याने तिसऱ्या ओळीतला गाळा दुसऱ्याला मिळाला. कांदे कुजल्यामुळे साफसफाईचा खर्चही ताईच्या नावावर लागला. काटेवाल्याने फाटकाशी बसणे सोडले नाही, पण कचेरीचा तपासणीचा काटा दुरुस्तीला आला तेव्हा त्याने तो हातात घ्यायला नकार दिला. “दुसऱ्याकडे न्या,” तो म्हणाला. “मी चोरांचा सामील आहे. लिहून ठेवलंय तुमच्याकडे.”

“काय काटेवाले,” चहावाला एकदा बोलून गेला, “आता कुठला राजा आणायचा?”

“मेलेला,” काटेवाला म्हणाला. “आणि मेलेलाच ठेवायचा. पुन्हा विचारलंस तर कप तुझ्या डोक्यात घालीन.”

ताई आता फाटकाबाहेरच्या रस्त्यावर भाड्याच्या हातगाडीवर कांदे विकते. पहिल्या दिवशी काटेवाला जुना काटा घासून-पुसून, नव्या सुतळीने पासंग बांधून घेऊन गेला. तिच्या गाडीवर दुकानातून आणलेला स्प्रिंगचा काटा लटकत होता.

“हा नको,” ती म्हणाली. “गाडी ढकलायला हात लाव, चढ आहे.”

त्याने काटा काखेत मारला आणि गाडीला हात लावला. रोज सकाळी तो लावतो. धाकटीची फी या सत्रात भरली गेली. हातगाडीच्या मालकाचे मागच्या आठवड्याचे चाळीस रुपये द्यायचे बाकी आहेत.