शूर जनुकाला नकार

तुंगार्लीच्या तळ्याजवळच्या एका बंगल्यात, चहा आणि चिक्की यांच्या मधल्या वेळेत, आमच्या संचालकांनी मावळच्या माणसांत शौर्याचं जनुक सापडल्याचं जाहीर करायचं ठरवलं. कामशेतकडच्या आमच्या गावातले डीएनएचे नमुने मीच गोळा केले होते, ते तपासणारं डीप लर्निंगचं मॉडेलही माझंच. म्हणून निवेदनावर माझी सही हवी होती. माझी नोकरी कराराची, आणि करार संपत आलेला.

एखादं जनुक जगायला उपयोगी पडलं की पिढ्यान्‌पिढ्या पसरतं, आणि त्याच्या आजूबाजूचा डीएनएचा पट्टाही पुष्कळांत सारखा दिसू लागतो. असे पट्टे ओळखायला मॉडेल संगणकात रचलेल्या खोट्या गावांवर शिकतं. असा पट्टा सापडला की ते फक्त ‘इथे नैसर्गिक निवड झाली’ म्हणतं. ‘शौर्य’ हा शब्द संचालकांचा.

आमच्या खोट्या गावांत कोणीही कोणाशीही लग्न करत होतं. खऱ्या गावात माझी आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आत्याच्या मुलाला मी नकार दिला, तर तिच्या घरचं कोणी बरेच दिवस आमच्याकडे जेवलं नाही.

मग मी नवी खोटी गावं रचली. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या मुली करायला लावल्या, नैसर्गिक निवड कुठेच घातली नाही. मॉडेलला ती तिथेही सापडली, तेवढ्याच आत्मविश्वासाने. सारखे पट्टे नात्यातल्या लग्नांनीही तयार होतात.

“तू तर तिथलीच,” संचालक म्हणाले. “अभिमान वाटायला हवा.”

“वाटतो, सर. सोयरिकी जुळवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही, हे सिद्ध झालंय.”

“सही कर. कराराचं मी बघतो.”

मी पेन परत दिलं. कराराचं त्यांनी बघितलंच.

गावात शौर्याच्या जनुकाची बातमी माझ्याआधी पोचली होती.

“माज्या पोरानं फ्लेक्स बी छापलाय,” आत्या आपल्या चुलीपाशी बसून म्हणाली. “शूरांचं गाव. खाली तुजं नाव. आन आता तू म्हनतीस, तसं काय न्हाई?”

“आपण सगळे एकमेकांचे लय जवळचे पाहुणे आहोत, एवढंच दिसतंय.”

“म्हंजे आमी शूर न्हाई व्हय?”

“असाल. डीएनएत दिसत नाही.”

“एकाच पोराला दोनदा न्हाई म्हनलीस बग.”

“व्हय, आत्या.”

तिने भाताचं पातेलं उतरवलं. “ह्या खेपंला जेवून जा. पर फ्लेक्स लागनारच.”

“लावा,” मी ताट ओढलं. “माझं नाव कापून लावा.”